फक्त बॅटरी बदल

जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. आमच्या एल्म हार्बरमध्ये प्रत्येक गल्लीत असा एक तरी प्राणी आहे. उन्हाळा लागला की तो गॅरेजचं दार वर करतो, खुर्ची टाकतो आणि उघड्या बॉनेटकडे टक लावून बसतो. विचारलं तर म्हणतो, "काम चालू आहे." कसलं काम आणि कसलं काय! त्याची बायको आत टीव्ही बघत असते आणि नवरा घराबाहेर आहे म्हणून देवाचे आभार मानत असते. मी स्वतः विमा कंपनीत आहे. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांच्या मालकांचे दावे सभ्य भाषेत नाकारणं हा माझा व्यवसाय आहे. आयुष्यभर चेपलेली दारं आणि फुटलेले दिवे पाहिल्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्ही हसणारच आहात, तर निदान वेळेवर हसा.

माझा सासरा काझ डोम्ब्रॉस्की यंदा वसंतात आमच्याकडे राहायला आला. म्हाताऱ्याने सगळी हयात ब्रॅन्डेल मोटर्सच्या कारखान्यात घालवलेली. आता नजर इतकी गेली आहे की समोर माणूस उभा आहे की फ्रीज, हे तो बोलल्यावरच कळतं. मी बोललो तरी त्याला फारसा फरक पडत नाही, ते वेगळं. येताना त्याने आपली आरामखुर्ची आणली, आमच्या स्वर्गवासी सासूबाईंचा, म्हणजे इरेनाचा, फोटो आणला, आणि टोइंगवाल्याच्या ट्रकवर चढवून आपली त्याच कारखान्यात बनलेली १९६९ ची 'वुल्व्हरिन' आणली. दोन दारांची, लांब नाकाची, ढेकर दिल्यासारख्या आवाजाची गाडी. सासूबाई गेल्यापासून ती सुरूच झाली नव्हती.

"ए विमावाल्या," म्हातारा मला म्हणाला. लग्नापासून तो मला याच नावाने हाक मारतो. "ऑगस्टातल्या त्या जुन्या गाड्यांच्या क्रूझमध्ये मला एकदा या गाडीतून फिरव. डोळे गेले, कान शाबूत आहेत. ते जायच्या आत फिरव."

"फिरवू की, पपा!"

"आणि हे बघ, शहाणपणा नको. बाकी कशाला हात लावायचा नाही. फक्त बॅटरी बदल."

आता माझी बाजू ऐका. आमच्या लग्नात भाषण करायला हा गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीने पसंत केलाय, आपण काय बोलणार?" आणि बसला. तेव्हापासून आजतागायत याच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघालेला नाही. छत गळत होतं ते मी बुजवलं, तेव्हा म्हणाला, पाऊसच कमी झालाय. सासूबाईही काही कमी नव्हत्या, पण त्या निदान जेवायला वाढून मग बोलायच्या. मला मरायच्या आत, म्हणजे त्याच्या, एकदा 'बरं केलंस' ऐकायचं होतं. आणि बॅटरी बदलल्याबद्दल कोण कोणाला बरं म्हणतं? बॅटरी काय, कोणीही बदलतो! मी ठरवलं, गाडी अशी करायची की कारखान्यातून निघाली तेव्हाही तशी नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी दोन्हीकडचे शेजारी कुंपणावरून डोकावले. डावीकडे डुएन स्ट्रिब्लिंग राहतो. हा मूळपणाचा भक्त. गाडीतला प्रत्येक स्क्रू कारखान्यातलाच हवा, नाहीतर गाडी बाटली, अशी त्याची श्रद्धा. आपल्या गाडीच्या तळाला कारखान्यातल्या कामगारांनी खडूने ज्या रेघोट्या मारल्या होत्या, त्या याने भिंग लावून पुन्हा काढल्या आहेत. शपथेवर सांगतो. गाडीच्या खाली, जिथे फक्त मांजर जातं!

"ग्लेन, हा बघ," डुएन आमच्या गाडीखाली टॉर्च मारत हळव्या आवाजात म्हणाला, "रंगाचा मूळ ओघळ! याला हात लावशील तर खबरदार. हे कलाकारांचे ठसे आहेत रे."

आरामखुर्चीतून काझ खेकसला, "कसले कलाकार? तो रंगखात्यातल्या लेनर्डचा ओघळ आहे. सोमवारी त्याचा हात थरथरायचा. शुक्रवारीही थरथरायचा."

डुएनच्या चेहऱ्यावर भक्ताला देवाने शिवी दिल्यावर यावी तशी धन्यता आली. त्याने लेनर्डचं आडनाव विचारून घेतलं.

उजवीकडे रिक व्हँडरमोलन. याचा पंथ उलटा. जुनं ते सगळं भंगार. कवच ठेवा आणि आत नवीन इंजिन, नवीन ब्रेक, एसी, कॉम्प्युटर, सगळं भरा. रिक गटारं साफ करायच्या यंत्रांचा विक्रेता आहे, आणि कुठलीही गोष्ट विकत असल्यासारखीच बोलतो. "ग्लेन, माझ्या भावा, तुला साठच्या वेगात म्हाताऱ्यासकट झाडावर आपटायचंय का? नाही ना? मग ब्रेक बदल." मी विमावाला माणूस. झाडाचं नाव काढलं की माझा जीव खालीवर होतो. हे त्याने बरोबर हेरलं होतं.

मी दोघांचंही थोडं थोडं ऐकायचं ठरवलं. जगात एवढा मूर्खपणा दुसरा नाही.

गाडी आमच्या घरासमोरच्या फरशीवर लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढून बाजूला ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी मिसेस प्रुइट हजर! या आमच्या नगरपालिकेच्या सौंदर्यरक्षक. गावाचं सौंदर्य म्हणजे काय हे त्यांना एकट्यांनाच माहीत आहे. त्यांच्या मते गवत घोट्याच्या वर गेलं की गाव रसातळाला जातं, आणि न चालणारी गाडी रस्त्यावरून दिसली की गेलंच.

"मिस्टर हॅवरकँप, ही गाडी चालते का?"

"चालेल."

"मी आत्ताचं विचारतेय."

"आत्ता तिला चाकं नाहीत, मॅडम."

"म्हणजे चालत नाही. गॅरेजमध्ये घ्या, नाहीतर झाका."

झाकली. निळी ताडपत्री घातली. पुन्हा आल्या. निळी चालत नाही म्हणे, गावाला शोभत नाही, तपकिरी हवी. तपकिरी आणली. तर ती वाऱ्याने उडून डुएनच्या गुलाबांवर पडली, आणि मिसेस प्रुइटनी मला विचारलं की गुलाब झाकायची परवानगी मी कोणाकडून घेतली होती. त्या विनोद करत नव्हत्या. मी त्यांना विनोद करताना कधीच पाहिलेलं नाही. नाकारायची सभ्य भाषा मी रोज वापरतो, पण या बाईंपुढे मी शिकाऊ आहे.

शेवटी गॅरेज रिकामं करणं आलं. आमच्याकडे गॅरेज हे गाडी ठेवण्यासाठी बांधतात आणि गाडी सोडून सगळं त्यात ठेवतात. नाताळचे दिवे, हरणाच्या मांसाने भरलेला डीप फ्रीज, टेरेसाने हौसेने घेतलेलं आणि आता टॉवेल वाळवायच्या कामी येणारं पळायचं यंत्र. टेरेसा म्हणजे माझी बायको, काझची एकुलती एक. शनिवारी सकाळी मी हे सगळं बाहेर हिरवळीवर मांडलं आणि ताडपत्रीसाठी दोरी आणायला दुकानात गेलो. शनिवारची सकाळ, आणि हिरवळीवर सामान! आमच्या गावात याचा अर्थ एकच होतो, घरातलं जुनं सामान विकायला काढलंय. परत येतो तो गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या, आणि अनोळखी बायका माझ्या नाताळच्या दिव्यांवरून घासाघीस करतायत. मधोमध खुर्चीत सासरा बसलेला. डोळ्यांना दिसत नाही, पण धंदा जोरात.

"पपा, हे काय चाललंय?"

"लोक आले, विचारायला लागले. मी म्हटलं, न्या. तुझा पसारा कमी होतोय तर तुला वाईट का वाटावं?"

"आणि ठोकळ्यांजवळची चाकं कुठायत?"

"ती तुझी हिवाळ्यात लावायची बर्फातली चाकं ना? एक भला माणूस घेऊन गेला. फार आवडली त्याला."

ती बर्फातली चाकं नव्हती. ती वुल्व्हरिनची मूळ चाकं होती, आणि तो भला माणूस कोण होता हे आजवर कळलेलं नाही. डुएन आमच्या पायरीवर बसून अक्षरशः रडला. मिसेस प्रुइटनी परवानगीशिवाय घराबाहेर विक्री मांडल्याबद्दल मला दंड केला. पळायचं यंत्र मात्र कोणीच नेलं नाही. तेवढं एक जायला हवं होतं.

इथून पुढे रिकचं राज्य सुरू झालं. मूळ चाकं मिळेनात म्हणून नवीन मोठी घेतली. मोठ्या चाकांना जुने ब्रेक पुरेनात, म्हणून ब्रेक बदलले. रिक म्हणाला, एवढे ब्रेक आहेत तर थांबवण्यासारखं काहीतरी नको का? म्हणून इंजिन बदललं. नवीन इंजिनाला जुना गिअरबॉक्स झेपेना. मग वायरिंग. मग एसी. मग सीट, कारण रिकच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या सीटला 'म्हातारा वास' येत होता. एक गोष्ट बदलली की तिच्या शेजारची रुसते, हा गाडीचा स्वभाव. माझ्या सासरच्या मंडळींचाही हाच. नवीन इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सायलेन्सरमधून काळ्या काजळीचा असा फवारा उडाला की डुएनच्या घराची पांढरीशुभ्र भिंत ठिपक्याठिपक्यांची झाली. तो नुसता भिंतीकडे बघून म्हणाला, "लेनर्डचा ओघळ असा नव्हता." इंजिन दर वेळी रिकच्या चार्जरच्या खोक्याला तारा जोडून सुरू व्हायचं, तेव्हा बॅटरीचा विषय कोणाच्या डोक्यातही आला नाही.

टेरेसा दोनतीनदा येऊन बघून गेली. "पपांनी काय सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"त्यांना काय कळतं?"

"त्यांनी गाड्या बनवल्यात, ग्लेन."

"एक नट पिळत होते ते. जन्मभर तोच नट." हे मी बोललो. माणसाला चढलं की असं होतं, आणि मला पेट्रोलचा वास चढला होता.

जुलै संपता संपता गाडी रस्त्यावर आली. काय सांगू! लोण्यासारखी चालत होती. एसीची थंडगार झुळूक, रंग आरशासारखा, इंजिनाचा आवाज मांजराच्या गुरगुरण्याइतका. फक्त एक गोष्ट. डावीकडे वळलं की उजव्या दारातून आवाज यायचा, खडखडखड, टण्! उजवीकडे वळलं की पुन्हा, टण्! माझ्या एवढ्या तपश्चर्येवर ती टण् म्हणजे सरळसरळ अपमान होता. मी दाराचं आतलं आवरण काढलं. आत, तळाशी, हिरव्या काचेची एक जुनी रिकामी बाटली लोळत होती. जिंजर एलची.

बघा, म्हणजे कारखान्यातल्या कोणा आळशाने पिऊन टाकलेली बाटली! आणि याला डुएन कलाकार म्हणतो. मी संध्याकाळी टेरेसाला म्हटलं, "दाराची खडखड काढून टाकली."

"ती टण्वाली? अगं बाई, लहानपणापासून ऐकतेय. वळण आलं की वाजायची, आणि आई म्हणायची, 'झालं सुरू.' पपांना विचारलंस?"

"खडखड काढायला परवानगी लागते का? मिसेस प्रुइटना विचारू?"

आता ती बाटली मी टाकून दिली असती तर प्रश्न नव्हता. पण मिशिगनमध्ये जन्मलेला माणूस रिकामी बाटली टाकत नाही. ती दुकानातल्या यंत्रात घालायची आणि दहा सेंट परत घ्यायचे, हे आमच्या रक्तात आहे. दारात तीन गाड्या असलेला दंतवैद्यसुद्धा इथे चिकट डब्यांची पिशवी घेऊन रांगेत उभा असतो आणि त्याला त्यात काही वाटत नाही. मीही आमच्या डब्यांबरोबर ती बाटली नेली. यंत्राने डबे घेतले. बाटली बाहेर ढकलली. मी पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. पडद्यावर अक्षरं उमटली: ही वस्तू स्वीकारता येत नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. हे वाक्य मी ओळखलं. मी रोज लोकांना हेच लिहितो. ते वाचताना माणसाला यंत्राच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. मागची बाई म्हणाली, "अहो, ही बाटली जुनी आहे. तेव्हा हा कायदाच नव्हता. आम्हाला पुढे येऊ द्या."

घरी येऊन ती बाटली मी कुंपणावरून डुएनला दिली. भिंतीच्या काजळीची भरपाई म्हणून म्हणा. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, उजेडात धरली, आणि पुटपुटला, "मूळ, कारखान्यातली, गाडीच्याच वर्षाची." दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, खालून दिवा लावून, त्याने तिची प्रतिष्ठापना केली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

क्रूझ म्हणजे आमच्या गावाचा सण. नदीकाठच्या रस्त्यावरून जुन्या गाड्या मुंगीच्या चालीने फिरतात, आणि दोन्ही बाजूंना सगळं गाव घडीच्या खुर्च्या टाकून बसतं. खुर्च्या दोन दिवस आधीच मांडून ठेवायच्या. आमच्या गावात चर्चची दानपेटी फुटलेली आहे, पण क्रूझची खुर्ची आजवर कोणी हलवलेली नाही.

शनिवारी दुपारी काझने इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं. तो आत तयार होत होता तोवर मी गाडीत बसलो, किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. रिक तर आपलं खोकं घेऊन कधीच नदीवर जाऊन बसला होता. सगळी गाडी बदलली होती आणि बॅटरी कोणीच आणली नव्हती! टेरेसाने माझ्याकडे एकदा बघितलं, स्वतःची गाडी काढली, नवी बॅटरी घेऊन आली, पाना मागितला आणि बसवली. हात पुसून मागच्या सीटवर जाऊन बसली.

आम्ही रस्त्याला लागलो. काझ माझ्या शेजारी, उजव्या दाराला. दोन्हीकडे लोक हात हलवतायत, टाळ्या वाजवतायत. मी तर मनात त्या 'बरं केलंस'साठी जागा करून ठेवली होती. म्हातारा मान तिरकी करून ऐकत होता. डॅशबोर्डवरून त्याने हात फिरवला. सीट चाचपली. नाक वर करून हुंगलं. पहिलं वळण आलं, गाडी लोण्यासारखी वळली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"थांबव."

"काय झालं, पपा?"

"ही माझी गाडी नाही. माझी गाडी कुठाय?"

"अहो पपा, हीच ती! थोडी सुधारली आहे, एवढंच."

"मी आंधळा आहे, विमावाल्या, बहिरा नाही! माझी गाडी कुणाला विकलीस?" आणि त्याने काच खाली केली. कारखान्यातल्या यंत्रांवरून बोलायची सवय असलेला आवाज तो! "अहो लोकहो! या माणसाने माझी गाडी विकली! मला दिसत नाही म्हणून दुसऱ्याच गाडीत बसवलं!"

मग कुठल्यातरी खुर्चीतून "शेम!" ऐकू आलं, आणि मग सगळ्याच खुर्च्यांतून. माझे ग्राहक होते त्यात! ज्यांचे दावे मी नाकारले होते ते तर उभे राहून ओरडत होते. एका आजीने माझ्यावर मक्याचं कणीस फेकलं. रिक शेजारच्याला सांगत होता की त्याची माझी तोंडओळखच आहे. आणि रस्त्याच्या मधोमध मिसेस प्रुइट चालत आल्या.

"मिस्टर हॅवरकँप, ही गाडी चालते का?"

मला रडू फुटायचं बाकी होतं. त्यांनी बॉनेटखालचा कारखान्याचा नंबर बघितला आणि मोठ्याने जाहीर केलं की गाडी तीच आहे. म्हातारा ऐकेना. "नंबर कोणीही ठोकतो. मी स्वतः ठोकलेत."

मागून टेरेसा पुढे वाकली. "पपा, नेमकं काय नाहीये हिच्यात?"

त्याने दारावरून तळहात फिरवला. मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "ती बोलत नाही."

"कोण ती?"

"तुझी आई."

पुढच्या खुर्च्यांतले लोक ऐकायला वाकले.

"आमचं लग्न ठरलं होतं," काझ म्हणाला. "घरासाठी साठवलेले सगळे पैसे मी या गाडीत घातले. तिला न विचारता. ती दारांच्या विभागात होती, आतली आवरणं बसवायची. तिथे पद्धतच होती, एखादा मुकादम फार माजला की त्याच्या गाडीच्या दारात रिकामी बाटली टाकून आवरण ठोकायचं. मग बस म्हणावं जन्मभर खडखड ऐकत! माझी गाडी पट्ट्यावरून तिच्यापर्यंत आली, तेव्हा तिने जिंजर एल प्यायली, बाटली माझ्या दारात टाकली, आणि आवरण ठोकलं. सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. मी काढली नाही कधी. काय म्हणून काढू? ती शेजारी बसायची, वळण आलं की दार वाजायचं, ती म्हणायची, 'झालं सुरू.' ती गेल्यावर मी किल्लीच फिरवली नाही. आज म्हटलं, एकदा ऐकावं." त्याने दारावर थाप मारली. "आणि ही मुकी."

टेरेसा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण नजर कोरडी होती, आणि हे एकाच वेळी फक्त डोम्ब्रॉस्कींनाच जमतं. सासूबाईंना मी दहा सेंटना यंत्रात घालायला गेलो होतो! लाज म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी समजलं, आणि तेही सगळ्या गावासमोर, शर्टाला मका चिकटलेला असताना.

डुएन जवळच्याच खुर्चीत होता. मी जाऊन त्याच्यापुढे हात जोडले. "बाटली दे. पाया पडतो."

"ती बाटली आता माझ्या संग्रहाचा..."

"डुएन, तू मूळपणाचा भक्त ना? मग मूळ जागा कुठली तिची?"

तो खुर्चीतून उठला. पण फुकट द्यायचा स्वभाव नव्हता त्याचा. "मला मागच्या सीटवर बसवायचं. आणि ओघळ पुन्हा काढायचा. लेनर्डसारखा. काझ सांगतील तसा."

कबूल केलं. काय करतो! डुएन धावत जाऊन बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आला. भर रस्त्यात, मागे गाड्यांची रांग खोळंबलेली, मी गुडघ्यांवर बसून दाराचं आवरण काढलं, बाटली आत सोडली, आवरण पुन्हा ठोकलं. मिसेस प्रुइट माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. रस्त्यात दुरुस्ती करायला मनाई आहे, हे सांगायला त्या विसरल्या. माझ्या माहितीत त्या विसरल्या असं एवढं एकदाच झालंय.

मी गाडी सुरू केली. काझ ताठ बसला होता, तळहात दारावर. नदीचं वळण आलं. मी मुद्दामच जरा जोरात वळवलं.

खडखडखड, टण्!

म्हातारा हसला. त्याला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "झालं सुरू!" तो ओरडला, आणि दोन्हीकडच्या खुर्च्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रत्येक वळणाला दार वाजायचं, प्रत्येक वळणाला तो दारावर हात फिरवायचा. "मी इथे कधी बसलोच नव्हतो," तो एकदा म्हणाला. "ही तिची जागा. इथून किती जोरात ऐकू येतं गं!"

रस्ता संपला. मी गाडी झाडाखाली लावली. मग काझने माझा खांदा चाचपून शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? गाडीला काही झालेलं नव्हतं. बॅटरीच गेली होती," तो म्हणाला. "बॅटरी बाकी चांगली बसवलीस, ग्लेन. बरं केलंस."

ग्लेन! लग्नापासून पहिल्यांदा! माझं इंजिन, माझे ब्रेक, माझा एसी, सगळ्यांवर बोळा फिरला होता, आणि ज्या एका गोष्टीला मी बोटही लावलं नव्हतं तिच्याबद्दल मला शाबासकी मिळत होती. खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची भूक होती हो.

"थँक यू, पपा," मी म्हणालो.

मागच्या सीटवर टेरेसा खोकली. काझने उतरायला दार ढकललं, आणि आतून सासूबाई म्हणाल्या, टण्.